नानांची लाल डायरी आणि चौथा गठ्ठा

आदरणीय ताई,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राज्य शासनाच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. सरळसेवेतून लागून अडीच वर्षं झाली. आस्थापनेला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-रजा-पेन्शनच्या टेबलावर, माझ्यासोबत एक वरिष्ठ लिपिक आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. अकरा वर्षांपासून ते इथंच आहेत आणि येत्या ३१ मेला निवृत्त होताहेत. नानांना सगळं येतं, पण सांगत काही नाहीत. विचारलं की "कळेल हळूहळू", नाहीतर "आणा इकडं, मी करतो." कपाटाला कुलूप आणि किल्ली खिशात. एक लाल डायरी आहे, तिच्यात बघूनच सगळी कामं करतात. कुणी जवळ गेलं की मिटतात.

गेल्या वर्षी एका कर्मचाऱ्याची मध्ये विनावेतन रजा होती. त्याची जुलैची वेतनवाढ काढायची का, असं मी नानांना विचारलं होतं. "काढा, चालतं" म्हणाले. आता लेखापरीक्षणात आक्षेप आला, तर साहेबांसमोर म्हणाले, "मला कुठं विचारलं होतं?" कारणे दाखवा नोटीस मला मिळाली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामाशिवाय बोलत नाही. सेवार्थ ही आमची पगारबिलांची ऑनलाइन प्रणाली. सेवार्थचं सगळं मीच बघते, त्यांना ते जमत नाही आणि मीही आता सांगत बसत नाही. साहेब म्हणतात, नाना जायच्या आत सगळं शिकून घ्या. त्यांची स्वतःची पेन्शन केससुद्धा अजून इथंच पडून आहे, वेतन पडताळणीचा शिक्का राहिलाय, तीही शेवटी माझ्याच गळ्यात येणार. शिपाई मामा म्हणतात, नाना जेवायला गेले की डायरीचे फोटो काढून घ्या. काढू का? आणि ज्यांनी मला तोंडघशी पाडलं, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

— आस्थापना टेबल

——

फोटो काढू नका.

चोरी वगैरे बाजूला ठेवू, आधी उपयोगाचं बोलते. अशा डायऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत "जुना जीआर बघणे", "पाटीलप्रमाणे करणे", "कोषा. विचारून" असलं लिहिलेलं असतं. कुठला पाटील, कधीचा जीआर, कोषागारातलं कोण, हे नानांच्या डोक्यात. शंभर फोटो काढलेत तरी हातात कोडंच येईल. आणि मामांनी तुम्हाला जे सुचवलं, ते उद्या मामाच चहाच्या टपरीवर सांगतील. मग नानांचं एकच कपाट बंद होतं, ते सोडून सगळ्या ऑफिसचे ड्रॉवर तुमच्यासाठी बंद होतील.

आता नाना. माझी बहुतेक नोकरी कोषागारात गेली. आम्ही कुठल्या कार्यालयात कधी जायचो नाही, पण त्यांची बिलं आमच्याकडे यायची, आणि बिलावरून आम्हाला तिथला माणूस कळायचा. एखाद्या कार्यालयाची बिलं वर्षानुवर्षं एका झटक्यात पास व्हायची. मग एखाद्या जूनमध्ये अचानक तीच बिलं आक्षेप लागून परत जायला लागायची. प्रमाणपत्र नाही, मंजुरी आदेशाची प्रत नाही, लेखाशीर्ष चुकलंय. आम्ही काउंटरच्या आत एकमेकींना म्हणायचो, "तिथले कोणीतरी रिटायर झाले वाटतं." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. जून का, हे तुम्हाला सांगायला नको. शाळेत घालताना मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख १ जून लावली, ती सगळी पिढी ३१ मेला घरी जाते. आपल्या कार्यालयांतलं निम्मं शहाणपण दरवर्षी त्या एका संध्याकाळी हार, श्रीफळ घेऊन गेटबाहेर पडतं.

ते शहाणपण कागदावर का उतरत नाही? नानांचा स्वभाव वाईट आहे, हे उत्तर सोपं आहे आणि मला ते पटत नाही. नानांच्या खुर्चीवरून बघा. वरिष्ठ लिपिकाला बढती मिळते ती ज्येष्ठता यादीप्रमाणे. तुम्हाला चार गोष्टी शिकवल्या म्हणून यादीत त्यांचं नाव वर सरकत नाही. शिकवलं नाही म्हणून गोपनीय अहवालात कुणी तांबडी रेघ मारत नाही. उलट न शिकवण्याचा फायदा रोकडा आहे. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानुसार गट क कर्मचाऱ्याने एका कार्यालयात साधारण दोन पूर्ण कार्यकाळ, म्हणजे सहा वर्षं काढावीत. नाना अकरा वर्षं आहेत. म्हणजे कुठल्यातरी साहेबांनी कधीतरी "यांच्याशिवाय आस्थापना चालणार नाही" असं वर लिहून दिलं असणार. त्यांचं घर, मुलांच्या शाळा, म्हातारी आई, सगळं त्या एका वाक्यावर टिकून राहिलं असेल. ते वाक्य खरं राहावं, तर दुसऱ्या कुणाला काम येता कामा नये.

दुसरी गोष्ट भीतीची. आपल्याकडे चूक झाली की ती ज्याच्या हस्ताक्षरात आहे, त्याची. सल्ला कुणी दिला, हे फाइलीवरच्या टिपणीत नसतं. म्हणून जुना माणूस तोंडी सांगतो आणि लेखी नामानिराळा राहतो. नानांनी तुमच्याशी जे केलं ते चूकच. वेतनवाढीचा सल्ला देऊन साहेबांसमोर हात झटकणं याला मी दुसरं काही म्हणणार नाही. पण त्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये नानांना काय दिसलं असेल? निवृत्तीला वर्षभरसुद्धा नाही आणि पेन्शन केस पाठवायचीय. त्या वेळी अंगावर चौकशी घ्यायची म्हणजे ना-चौकशी प्रमाणपत्र अडकणार. ते घाबरले आणि तुम्हाला पुढे केलं.

मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य टोचलं. "सेवार्थचं सगळं मीच बघते, त्यांना ते जमत नाही आणि मीही आता सांगत बसत नाही." हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. पण नानांची डायरी लाल आहे आणि तुमची डायरी स्क्रीनवर आहे, एवढाच फरक. सेवार्थमध्ये एखाद्याची थकबाकी कशी घालायची, कपात कुठे दुरुस्त करायची, हे तुम्ही नानांना उलगडून सांगितलं नाहीत. तेव्हा तुमच्याही मनात तेच होतं ना, की येऊ दे माझ्याकडे, विचारू दे? अडीच वर्षांत तुम्हीही एक कपाट केलंत आणि त्याला कुलूप लावलंत. रागावू नका. मीही लावलं होतं, ते पुढे सांगते.

तर विश्वास कसा ठेवायचा, असं तुम्ही विचारता. ठेवू नका. म्हणजे माणसावर डोळे मिटून ठेवायचा जो विश्वास असतो, तो घरात, मैत्रिणींत ठेवा. सरकारी कार्यालयात विश्वासाला कागद लागतो, आणि तो कागद मागण्यात अपमान काही नाही. तुम्ही नानांना विचारलंत आणि त्यांनी "काढा" म्हटलं, त्या संध्याकाळी टिपणीत एक ओळ लिहायची होती: "या प्रकरणी वरिष्ठ लिपिक (आस्थापना) यांच्याशी आज रोजी झालेल्या चर्चेप्रमाणे वेतनवाढ अनुज्ञेय असल्याचे दिसून येते." टिपणी नानांमार्फतच साहेबांकडे जाणार होती. त्यांना ओळ पटली असती तर आद्याक्षरी करून पुढे पाठवली असती. नसती पटली तर "थांबा, जीआर बघू" म्हणाले असते. दोन्हीत तुम्ही वाचला असतात, आणि दुसऱ्यात तर तो जीआर तुम्हाला कळलाही असता. ई-ऑफिस असेल तर आणखी सोपं, तिथे कुणी कधी काय लिहिलं ते पुसता येत नाही.

"चर्चेप्रमाणे" हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे, कारण लोक तो जबाबदारी कुणावरच राहू नये म्हणून वापरतात. कोणाशी आणि कोणत्या तारखेला, हे दोन तपशील जोडले की तोच शब्द उलट्या बाजूने कामाला येतो. पहिल्या दोन-तीन वेळा नाना चिडतील, "माझं नाव कशाला घालता" म्हणतील. तेव्हा शांतपणे सांगा, "नाना, तुम्ही सांगितलं म्हणून मी निर्धास्त लिहिते, साहेबांना कळू दे की काम तुम्ही शिकवलं." ही खोटी स्तुती होणार नाही. आयुष्यभर तोंडी सल्ला देणाऱ्या माणसाचं नाव टिपणीत आदराने कुणी घातलेलंच नसतं.

आता मुख्य काम. ते तुमच्या पत्रातच आहे आणि तुम्हाला ओझं वाटतंय: नानांची पेन्शन केस.

निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीच्या सहा महिने आधी केस महालेखापालांकडे जायला हवी. ३१ मेला निवृत्त होणाऱ्याची नोव्हेंबर संपायच्या आत नागपूरला, त्यांच्या कार्यालयात. अजून ती तुमच्याकडे आहे. अकरा वर्षं सगळ्या कार्यालयाच्या केसेस वेळेवर पाठवणाऱ्या माणसाची स्वतःची केस राहिली आणि त्याने कुणाला म्हटलंही नाही. याचं कारण मला ठाऊक आहे. स्वतःची केस स्वतः करायची नसते, आणि दुसऱ्या कुणाला शिकवलेलं नाही. कुणाकडे मागणार?

उद्या सकाळी नानांकडे जा आणि म्हणा, "नाना, तुमची केस मी करते. तुम्ही शेजारी बसा, चुकले तर सांगा." बाकी काही बोलू नका. नोटिशीचा विषय नको, डायरीचा तर नकोच.

एका पेन्शन केसमध्ये आस्थापनेचं जवळजवळ सगळं काम येतं. सेवापुस्तक पहिल्या पानापासून उघडा. जन्मतारीख अंकी, अक्षरी जुळते का? दरवर्षीची सेवा पडताळणीची नोंद आहे का, कुठलं वर्ष कोरं राहिलंय? कोरं असेल तर जुन्या कार्यालयातून दाखला मागवायचा. तो कुणाकडून आणि कसा, हे नाना सांगतील, कारण आता तो त्यांना स्वतःसाठी हवा आहे. मग रजेचा हिशेब. मग पाचवा, सहावा, सातवा अशा तीन वेतन आयोगांच्या वेतननिश्चिती. १९९६, २००६ आणि २०१६ या तीन वर्षांची ती तीन पानं ज्याला समजली, त्याला आस्थापना कळली असं आम्ही कोषागारात म्हणत असू. आश्वासित प्रगतीचा लाभ (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी मिळणारी वरची वेतनश्रेणी) कधी दिला, विकल्प कुठल्या तारखेचा घेतला, हेही तिथेच. पडताळणी पथकाचा शिक्का याच पानांसाठी राहिला असेल. पथकाने काही त्रुटी काढली तर नानांच्या तोंडून रफिक मसीह हे नाव ऐकाल. २०१४ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गट क आणि ड च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच जे निवृत्त झालेत किंवा वर्षभरात होणार आहेत त्यांच्याकडून, चुकून दिलेल्या जादा रकमेची वसुली करता येत नाही. अशी गोष्ट नानांच्या डायरीत एका ओळीत असते. ती कधी आणि कुठे मांडायची, हे ते शेजारी बसले तरच कळेल.

त्यापुढे नामनिर्देशनं, ना-देय प्रमाणपत्र, भविष्य निर्वाह निधीचं अंतिम प्रदान, गटविमा, अर्जित रजेचं रोखीकरण (तीनशे दिवसांपर्यंत), अंशराशीकरणाचा (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याचा) अर्ज. केस नागपूरहून वेळेत परत आली नाही तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची सोय नियमांत आहे. तो आदेशही तुमच्याच टेबलावरून निघेल, त्याचा मसुदा नानांकडूनच करून घ्या. आणि हो, त्याच बदल्यांच्या कायद्यात आहे की कुठलीही फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये. नानांची केस तुमच्या टेबलावर किती दिवस आहे, ते तुम्हीच मोजा.

हे काम करताना सेवार्थ तुम्ही त्यांना दाखवा. आधी तुम्ही. त्यांची माहिती स्क्रीनवर उघडा, माउस त्यांच्या हातात द्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी माउस धरताना माणूस अवघडतो, तेव्हा हसू नका आणि त्यांच्या हातून ओढूनही घेऊ नका.

लाल डायरीचं काय? ती नानांची आहे, त्यांच्याबरोबर जाऊ द्या. तुम्हाला हवं ते डायरीत असलं तरी त्याची खरी जागा दुसरी आहे. तुमच्या कार्यालयात सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद सहा प्रकारांत लावायची पद्धत, कागदावर तरी असेलच. त्यातला चौथा, स्थायी आदेशांचा गठ्ठा एकदा उघडून बघा. बहुतेक कार्यालयांत त्यात दहा-पंधरा पिवळी पडलेली परिपत्रकं निघतात, तीही अधिक्रमित झालेली, म्हणजे नव्या आदेशाने मागे पडलेली. ही पद्धत ज्यांनी आखली, त्यांना नानांची डायरीच त्या गठ्ठ्यात हवी होती. टेबलावरचं प्रत्येक काम कुठल्या आदेशाने चालतं, ते पुढच्या माणसाला तिथे सापडावं. अलीकडचे शासन निर्णय संकेतस्थळावर मिळतात, पण कुठल्या निर्णयाने कुठला मागे टाकला, आणि तुमच्या कार्यालयात प्रत्यक्षात कुठला चालतो, हे सांगायला माणूसच लागतो. नानांना म्हणा, "कार्यभार सोपवायच्या चार्ज यादीबरोबर स्थायी आदेशाचा गठ्ठा आपण दोघं लावू, अनुक्रमणिका तुमच्या सहीने." डायरी मागितलीत तर नाही म्हणतील. गठ्ठा लावायला बहुधा तयार होतील, कारण त्यात त्यांची सही राहते.

चार्ज यादीचंही सांगते. आपल्या याद्यांत कपाटं, किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या असतात. तुम्ही खाली आणखी एक पान जोडून घ्या: कुठलं नियतकालिक (ठरावीक काळाने पाठवायचं विवरणपत्र) कुठल्या तारखेला कुठे पाठवायचं, मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) कुठली प्रकरणं चालू आहेत आणि सरकारी वकिलांना माहिती कोण देतं, कुठल्या कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक कुठे अडकलंय. हे पान कुणी मागत नाही, पण १ जूनला सगळ्यांत आधी तुम्ही ते शोधाल.

तुम्हाला कुणीतरी माहिती अधिकाराचं कलम चारही सांगेल. त्यात सतरा बाबी आहेत. निर्णय कसे घेतले जातात, काम कुठल्या नियमांनी आणि पुस्तिकांनी चालतं, हे कार्यालयाने आपण होऊन प्रसिद्ध करायचं असतं. त्या हिशेबाने डायरीतलं बरंचसं कायद्याने जनतेचं आहे. हे खरं आहे, आणि साहेबांनी बैठकीत ते म्हणावंही. तुम्ही मात्र नानांसमोर ते कलम काढू नका. कायदा दाखवून माणसाकडून कागद मिळतो, कागदामागची गोष्ट मिळत नाही. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची घडी बदलली, लोक तिला अजून लखीना पॅटर्न म्हणतात. पण तिथे जिल्हाधिकारी स्वतः मागे उभे होते. तुमच्या टेबलामागे कोण उभं आहे? साहेबांनी "शिकून घ्या" एवढं म्हणून हात झटकले, तेही नानांसारखेच. त्यांच्याकडून एक कार्यालयीन आदेश मागा: अमुक तारखेपासून ३१ मेपर्यंत रोज दुपारी तीन ते चार वरिष्ठ आणि कनिष्ठ लिपिक यांनी कार्यभार हस्तांतरणाचं काम करावं, त्या वेळेत दोघांना दुसरं काम देऊ नये. तो तास आदेशात नसेल तर रोज कुणीतरी बोलावेल.

माझ्या कपाटाचं सांगायचं राहिलं. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्याकडे निळी वही होती, बिलांवरच्या आक्षेपांची, तीस वर्षांची. शेवटच्या महिन्यात एका मुलीने दोनदा विचारलं, "मॅडम, ती वही बघू?" मी म्हटलं, "अगं, त्यात काही नाही." घरी आणली. वर्षभराने ती मुलगी दिवाळीला घरी आली. मला अपराधी वाटलं आणि मी वही तिच्या हातात दिली. तिने चाळली, हसली आणि म्हणाली, "मॅडम, यातल्या निम्म्या चुका आता सिस्टीमच आत घेत नाही." जी निम्मी उपयोगी होती, तीही तोवर तिने चुका करून शिकून घेतली होती. ती वही मी का दिली नाही, हे आजही मला नीट सांगता येत नाही. आपण गेल्यावर तिथे आपलं काही उरलं आहे, असं वाटत राहावं म्हणून असेल. नानांचंही असंच काही असेल, किंवा साधी बदलीची भीती असेल. ते तुम्ही शोधून काढायची गरज नाही.

आता नोटीस. खुलासा मुदतीत द्या. त्यात "नानांनी सांगितलं" हे लिहू नका, कारण तुमच्याकडे पुरावा नाही आणि ते नाकारणार. काय घडलं ते तारखांसह लिहा. वेतनवाढीचा निर्णय कुठल्या समजुतीने घेतला, आक्षेपानंतर काय दुरुस्ती केली किंवा प्रस्तावित आहे, हे लिहा, आणि यापुढे अशा प्रकरणांत वरिष्ठांचं लेखी मार्गदर्शन घेऊन टिपणी सादर करीन, हे वाक्य आवर्जून घाला. त्या वाक्याने पुढच्या प्रत्येक "चर्चेप्रमाणे"ला आधार मिळतो. मसुदा झाला की साहेबांकडे द्यायच्या आधी एकदा नानांना दाखवा. काही सुधारणा आहे का, एवढंच विचारा. मला वाटतं ते पेन काढतील. त्यांनी एक शब्द जरी बदलला, तरी तो कागद त्यांच्या अक्षरासह तसाच ठेवा, नवीन प्रिंट काढू नका.